झोपाळा सगळ्यात शेवटी

बेलापूरला पारसिक टेकडीच्या पायथ्याशी आमचं रो-हाऊस आहे, रांगेतलं कडेचं. कडेचं असल्यामुळे घराच्या एका अंगाने तीन फुटांचा बोळ मागे जातो, आणि मागे अठरा फूट रुंद, बावीस फूट लांब अंगण आहे. नवी मुंबईत स्वतःच्या पायाखाली एवढी माती असणं ही चैन आहे, मान्य. आम्ही ताबा घेतला तेव्हा मात्र फुटकी शहाबादी फरशी, आमच्या बाजूला झुकलेली मागची भिंत आणि आधीच्या मालकांनी कोपऱ्यात सोडलेला संडासाचा जुना पॉट एवढंच दिसत होतं. पॉटात अळू माजलं होतं.

घरात प्रत्येकाची यादी वेगळी. सासूबाईंना धुण्याची मोरी हवी होती आणि तुळशीपाशी टेकायला ओटा. नवऱ्याला झोपाळा, तोही पितळी कड्यांचा. मुलाला सायकलींसाठी शेड. मला वांगी-मिरची-कोथिंबिरीचे वाफे. याखेरीज काही कामं कुणाच्याच यादीत नव्हती पण टळणारही नव्हती: भिंत, पाण्याचा निचरा, वायरिंग, फरशी. सगळं एकदम करण्याइतके पैसे नव्हते. असते तरी उपयोग नव्हता, कारण तीन फुटी बोळातून एका वेळी एकच बिगारी घमेलं घेऊन जातो आणि दुसरा त्याला वाट देत भिंतीला चिकटून उभा राहतो.

मी हिशेब तपासण्याच्या नोकरीतली. त्यामुळे आधी वही काढली आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला: हे काम झाल्यावर पुढच्या कोणत्या कामासाठी ते फोडावं लागेल? ओटा आधी बांधला तर मोरीचा पाइप त्याच्याखालून जाणार. फरशी आधी घातली तर सगळंच तिच्याखालून जाणार. हौसेच्या क्रमाने लावलेली यादी या एका प्रश्नाने जवळजवळ उलटी झाली. झोपाळा तळाला गेला, आणि निचरा, ज्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं, तो वर आला.

आमचे मिस्त्री मूळचे कलबुर्गीकडचे, पण आयुष्य तुर्भे-बेलापूरच्या बांधकामांवर गेलेलं. त्यांनी अंगण पाहिलं, भिंतीवर थाप मारून पाहिली आणि म्हणाले, "ताई, एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून येतं आणि कुठं बसतं ते बघा. मग मला बोलवा." ज्याला काम मिळायचं आहे तोच थांबा म्हणतो, तेव्हा ऐकावं असं माझं मत आहे. नवऱ्याचं मत होतं की मिस्त्रींकडे दुसरीकडचं काम असावं. दोन्ही खरं असू शकतं.

थांबायचं म्हटलं तरी झुकलेली भिंत तशीच सोडून चालणार नव्हतं. मागच्या घराचं अंगण आमच्यापेक्षा अडीच फूट उंच आहे. म्हणजे ती नुसती कुंपणाची भिंत नव्हती, पलीकडची माती अडवून धरत होती, आणि बांधणाऱ्याने तिला साध्या कुंपणासारखी बांधली होती. पावसात मातीत पाणी भरलं की दाब कितीतरी वाढतो. मिस्त्रींनी तळाशी ठरावीक अंतरावर भोकं पाडून दिली, बांबूचे तिरके टेकू लावले आणि पावसाळाभर मुलाने त्या बाजूला फिरकायचं नाही असा नियम झाला.

मुंबई भागात पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून आणि परतायची ८ ऑक्टोबर. या चार महिन्यांत मी बांधलं काहीच नाही, पण नंतर जे जे ठरलं ते याच काळात पाहिलेल्यावरून. घराच्या मागच्या भिंतीवर ऑइल पेंटने इंचांच्या खुणा केल्या. मोठी सर येऊन गेली की पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं आणि किती वेळाने उतरलं ते वहीत लिहायचे. वाळलेली पानं आणि काड्या पाणी ओसरल्यावर जिथे रेघ धरून बसतात ती रेघ सगळ्यात प्रामाणिक. नकाशावर आम्ही धरलं होतं की पाणी बोळाकडे जातं. पानं सांगत होती की ते स्वयंपाकघराच्या दाराकडे येतं.

दुसरी गोष्ट जुलैत कळली. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी मागच्या भिंतीच्या पायथ्याशी ओल जात नव्हती, आणि मिस्त्रींनी पाडलेल्या भोकांतून बारीक धार चालूच होती. टेकडीच्या खडकावर मातीचा थर पातळ असतो. वर मुरलेलं पाणी फार खोल जाऊ शकत नाही आणि उताराला कुठेतरी बाहेर निघतं. मी कोपऱ्यात दीड फुटाचा खड्डा करून ठेवला, तर तो पावसाशिवायच भरून आला. यामुळे यादीतलं एक काम पुसलं गेलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मोठ्या आग्रहाने सांगितलं होतं की पाणी जिरवायचा शोषखड्डा कराच. ज्या जमिनीतून पावसाळ्यात पाणी वर येतंय तिच्यात आणखी पाणी जिरवायचा खड्डा म्हणजे पैसे घालून डबकं करणं.

छपराचं पाणी साठवावं का, हाही हिशेब तेव्हाच केला. शंभर चौरस फुटांवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ९३० लिटर पाणी होतं. आमच्या चारशे चौरस फुटांच्या अंगणातच एका जोरदार दिवसात ३,७०० लिटर पडतात, छपराचं वेगळं. हजार लिटरची टाकी अशा दिवशी सकाळच्या चहाआधी भरते आणि मग चार महिने भरलेलीच राहते. गरज असते एप्रिल-मेमध्ये. तोपर्यंत पाणी टिकवायचं तर जमिनीखाली खोली एवढी टाकी हवी. शिवाय हजार लिटरच्या टाकीचा घेर पाहिला, ती आमच्या बोळातून मागे जाणारच नव्हती. दोनशे लिटरचे दोन ड्रम, झाकणासकट, एवढ्यावर तो विषय मिटला. मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं, त्यामुळे इथे हट्ट धरण्यात अर्थ नव्हता.

पावसाळ्यात हात रिकामे होते म्हणून कागदाची कामं तेव्हाच उरकली. हे मी आवर्जून सांगते, कारण बहुतेक जण कुदळ मारल्यावर परवानगीचा विचार करतात. नवी मुंबईत जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, बांधकामाची परवानगी महापालिकेकडून. ओळखीच्या एका आर्किटेक्टबाईंना प्लॅन दाखवला. त्यांनी पेन्सिलने मागच्या जागेवर गोल काढला आणि सांगितलं, ही मोकळी सोडायची जागा आहे, इथे पक्क्या छपराची शेड म्हणजे बांधकाम धरलं जाईल. शेड गेली. मुलाचं तोंड पडलं, पण क्रमाच्या दृष्टीने ते बरंच झालं: शेडचा पाया, तिच्या छपराचं पाणी, तिच्यासाठी सोडायची जागा, सगळं एकदम वजा झालं. सायकली भिंतीतल्या हुकांवर टांगायच्या ठरलं. हे उत्तर पाया खणल्यावर आलं असतं तर तो पाया तसाच फरशीखाली गाडावा लागला असता.

झाडाचंही तसंच. मागच्या घरातल्या वहिनींच्या आंब्याची एक जाड फांदी भिंतीवरून आमच्याकडे आलेली. भिंत पाडताना ती आड येणार. झाड तोडणं-छाटणं १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या राज्य कायद्याखाली येतं आणि अर्ज पालिकेच्या उद्यान विभागाकडे करावा लागतो. अर्ज वहिनींच्या नावाने, कारण झाड त्यांचं. त्यासाठी त्यांच्याकडे दोन-तीनदा चहाला जाणं झालं, त्यातच भिंतीचंही बोलणं झालं. भिंत सामाईक आणि पाडताना त्यांची माती मोकळी होणार, म्हणजे त्यांच्या होकाराशिवाय पहिली वीटही काढता येत नव्हती. त्या म्हणाल्या, "करा ना हो, फक्त माझी मोगऱ्याची रांग सांभाळा." मोगरा कुंडीत काढून ठेवायचं काम वहीत भिंतीच्या आधी लिहिलं.

दसऱ्यानंतर मिस्त्री आले ते लेव्हल पाइप घेऊन. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक एकाने इकडे धरायचं, दुसऱ्याने तिकडे. लेझरची यंत्रं आली तरी या नळीइतकं मला काही पटत नाही, पाणी पाण्याचं माप घेतं. दोन उंच्या आमच्या हातात नव्हत्या: स्वयंपाकघराचा उंबरा आणि समोरच्या रस्त्यालगतच्या पावसाळी गटारात जिथे आमचं पाणी पडणार ती जागा. दोन्हींतलं अंतर चौदा इंच निघालं. सगळा खेळ या चौदा इंचांत.

पाणी वाहायला शंभराला एक उतार हवाच, म्हणजे दहा फुटांना जवळपास सव्वा इंच. अंगणाच्या रुंदीत अठरा फूट, तिथे दोन इंच. मग कडेने नाली: अंगणाचे बावीस आणि बोळाचे छत्तीस मिळून अठ्ठावन्न फूट, तिथे सात इंच. उंबऱ्याखाली फरशी निदान चार इंच खाली हवी, नाहीतर तिरप्या पावसात पाणी घरात. चार, दोन आणि सात, तेरा. हातात उरला एक इंच.

त्या एका इंचाने पुढचे दोन वाद मिटवले. पहिला, जुन्या फरशीवरच नवी फरशी घालू, पाडायचा खर्च वाचेल, असं नवऱ्याचं म्हणणं. जुन्यावर नवी म्हणजे माल धरून दोन-अडीच इंच चढणार. इतके इंच आमच्याकडे नव्हते. दुसरा, ओट्याला थोडी उंच जागा म्हणून अंगणाचा अर्धा भाग चढवायचा विचार. तोही गेला. मिस्त्रींनी घराच्या भिंतीवर तयार फरशीच्या पातळीची निळी रेघ सुताने मारली आणि ती पुसायची नाही असं सगळ्यांना बजावलं. पुढचं प्रत्येक काम, मोरी असो की ओटा, त्या रेघेपासून मोजलं गेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा क्रम जसाच्या तसा दुसरीकडे चालत नाही. माझी नणंद वाशीत सखल भागात राहते. तिच्याकडे टेकडीचं पाणी नाही, पण खाडीची भरती आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठची दलदल भरून झालेला, म्हणून सिडकोने जागोजागी धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, शहराचं पाणी तलावात थांबवायचं आणि ओहोटीला सोडायचं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की रस्त्यालगतचं गटार तोंडापर्यंत भरतं. अशा वेळी अंगणातला उतार कितीही चोख असला तरी पाणी जाणार कुठे? तिने पहिला खर्च मागच्या बाजूची जमीन आणि मोटरचा कट्टा उंच करण्यावर केला. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता बोळ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरं डोकं लागलं ते इथेच. तीन फूट रुंदीच्या त्या पट्ट्यातून काय काय जाणार होतं, बघा. पावसाच्या पाण्याची नाली. मोरीच्या साबणाच्या पाण्याचा पाइप, जो पावसाळी गटारात सोडायचा नसतो, मलनिस्सारणाच्या चेंबरला जोडायचा असतो, म्हणून वेगळा. आधीपासून असलेली नळाची लाइन. पाइप गॅसची लाइन. विजेची केबल. आणि या सगळ्याच्या डोक्यावरून वीट, खडी, रेती, सिमेंट मागे जाणार आणि फोडलेला माल पुढे येणार.

पाइपवाल्यांचा नियम असा की काम शेवटच्या टोकाकडून सुरू करायचं: आधी जिथे पाणी पडणार ते चेंबर, मग तिथून वर-वर चढत मागे यायचं. त्या नियमाने बोळ सगळ्यात आधी खणायला हवा. पण बोळ खणला की माल मागे न्यायची वाट बंद. चर सोडून उरणारी जागा पाऊल टाकण्यापुरती, तिथून डोक्यावर घमेलं घेऊन कोण जाणार? उलट आधी मागचं सगळं करून घेतलं तर पाइपांची उंची अंदाजाने धरावी लागणार. एका संध्याकाळी मिस्त्री, मी आणि चहा, असे ओट्याच्या जागी बसलो आणि ते कोडं सोडवलं. भिंतीला पाइपाची गरज नाही आणि तिला माल सगळ्यात जास्त लागतो, म्हणून भिंत पहिली, जुन्या बोळातूनच. भिंत होता होता मोरी-ओट्याला लागणारी रेती, खडी आणि विटा घराच्या बाजूच्या अर्ध्या अंगणात रचून ठेवायच्या. सिमेंट तेवढं नंतर आणायचं, कारण ते जास्त दिवस ठेवलं की जोर जातो आणि दोन गोण्या डोक्यावरून फळीवरूनही जातात. मग बोळ खणायचा, रस्त्याकडून मागे. मग मोरी, ओटा. बोळाची फरशी मात्र सगळ्यात शेवटी, अंगणाच्याही नंतर, म्हणजे घमेली आपटून तिचे कोपरे उडणार नाहीत.

भिंत सलग पाडली नाही. अठरा फुटांचे चार तुकडे केले. आधी पहिला आणि तिसरा पाडून बांधला, मग दुसरा आणि चौथा, म्हणजे पलीकडची माती एकदम उघडी पडत नाही. पाया कडक मुरूम लागेपर्यंत नेला. खाली डबराचं रुंद बांधकाम, मागे फूटभर खडीचा थर, तळाशी तीन इंची पाइपाचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवलेले, म्हणजे टेकडीचं पाणी अडून न राहता बाहेर येईल. ते येणार आमच्याच अंगणात, म्हणून भिंतीच्या पायथ्याशी नालीचा फाटा. त्याचा चर भिंतीच्या पायाच्या वरच राहील याकडे मिस्त्रींचं बारीक लक्ष होतं. नाली पायाच्या खाली गेली तर भिंतीच्या बुडाखालची माती सुटते. म्हणून भिंत आधी आणि नाली तिच्या पायाची खोली बघून, हा क्रम उलटा करता येत नाही.

आता मजुरांचं पंचांग. हे कुठल्याच प्लॅनमध्ये नसतं. दिवाळीला सगळे गावी, नंतर छटपूजेला बिहारकडचे, होळीला परत सगळे. आणि मेमध्ये गावाकडे लग्नं. ऑक्टोबर ते मे म्हणजे आठ महिने दिसतात, प्रत्यक्षात सलग काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. भिंतीसारखं अर्धवट सोडता येत नाही असं काम आम्ही या मधल्या सलग काळात घातलं. फरशी काढणं, मोगरा हलवणं, माती चाळून ठेवणं, असली तुटक कामं दिवाळीच्या आगेमागे.

जुनी फरशी आणि भिंत फोडून निघालेल्या मालाचं काय, हा प्रश्न फोडायच्या आधीच सोडवून ठेवला. नवी मुंबईत खाडीकाठी रात्री डेब्रिज ओतून जाणाऱ्या गाड्यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे हा कचरा ज्याने केला त्याचीच ती जबाबदारी. आम्ही धड निघालेले डबर भिंतीच्या पायात वापरले, विटांचे तुकडे सोलिंगला, म्हणजे फरशीखालच्या थराला. उरलेलं गोण्यांत भरून पालिकेला कळवून पैसे भरून उचलायला दिलं. शेजारचे काका म्हणाले, "कोपऱ्यावर टाकलं असतं तर कुणी विचारलं नसतं." काका मनाने चांगले आहेत, एवढंच म्हणते.

बोळ खणायच्या आधी गॅसची लाइन कुठून जाते ते कंपनीच्या माणसाकडून खूण करून घेतलं आणि तेवढ्या भागात सगळं हाताने खणलं. चर उघडल्यावर दिसलं की नळाची जुनी लोखंडी लाइन गंजून पापुद्रे सुटलेली. ती बदलली. इथे एक धोका असतो: "उघडलंच आहे तर हेही करून घेऊ." असं म्हणत म्हणत काम दुप्पट होतं. माझा नियम होता की ज्याला हाच चर पुन्हा उघडावा लागेल तेवढंच आता करायचं. नळाची लाइन बसली. समोरच्या गेटची नवी डिझाइन बसली नाही.

याच चरात दोन रिकामे पाइप टाकले, आत नायलॉनची दोरी ओवून, दोन्ही तोंडं बूच मारून बंद. एक उद्याच्या दिव्यांच्या केबलसाठी, दुसरा कशासाठी ते अजून ठरलेलं नाही. या पाइपांचा खर्च सगळ्या कामात सर्वांत किरकोळ होता, आणि मला विचाराल तर सर्वांत शहाणा. आणि झोपाळा शेवटी म्हटलं तरी त्याचे पाय शेवटी नव्हते. त्याच्या खांबांचे दोन काँक्रीटचे ठोकळे मोरीच्या कामाबरोबरच ओतले, बोल्ट वर ठेवून. बोल्टांना ग्रीस लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. नवऱ्याने त्या दोन ठोकळ्यांवर पाट ठेवून बसून पाहिलं.

मोरी आणि ओट्याच्या वेळी पाण्याचा वेगळाच प्रश्न आला. आजकाल मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला निदान दहा दिवस सतत ओल हवी. कोब्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं ही जुनी पद्धत. पण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे कोबा पिकेपर्यंत डासही पिकतात. पालिकेचे आरोग्यवाले साठलेलं पाणी तपासायला फिरतात, ते बरोबरच आहे. आम्ही आळी न करता गोणपाटं पसरली आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवली. हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. तोवर त्यांचा राग शिगेला पोचला होता. "लाखाच्या वर गेले, आणि दिसतंय काय? माती." हे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. खोटं नव्हतं. भिंतीचा पाया, नाली, पाइप, रिकामे पाइप, सगळं जमिनीच्या पोटात. मोरी झाली आणि त्यांनी तिच्यावर पहिलं सोवळं आपटलं तेव्हा कुठे घरातलं वातावरण निवळलं. क्रम लावताना हेही धरायला हवं: सलग तीन-चार अदृश्य कामांनंतर डोळ्यांना दिसणारं एखादं काम घालावं. पाइप आधीच टाकल्यामुळे मोरीची पाळी तांत्रिकदृष्ट्या ओट्याच्या नंतरही चालली असती. मी ती आधी आणली ती केवळ शांततेसाठी.

मार्चअखेर फरशी घालायची वेळ आली आणि मिस्त्री पुन्हा म्हणाले, थांबा. नाल्या आणि पाइप यांचे चर भरले होते, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून. तरीही भरलेली माती एक पावसाळा प्यायली की बसते. वर फरशी असेल तर तिच्याबरोबर फरशी बसते आणि आमच्या त्या एका इंचाचं वाटोळं होतं. पण मेमध्ये चिखलाचं अंगण ठेवून पावसाळ्यात जायचं हेही कुणाला सोसणारं नव्हतं. मग असं ठरलं की जिथे खणलं नव्हतं, तो घरालगतचा पट्टा तेवढा निळ्या रेघेला धरून फरशीने पक्का करायचा. जिथे खणलं होतं तिथे जाड खडी पसरून ठेवायची, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. खडीवरून पाणी जातं, चिखल होत नाही, आणि माती बसली तर वरून आणखी दोन घमेली टाकता येते.

वाफ्यांची माती बोळ मोकळा असतानाच आणून घेतली होती. आंब्याच्या बाजूला मुळांभोवती मीटरभर जागा तशीच मोकळी ठेवली. जूनमध्ये मिरची लावली. वांगी टेकडीवरून येणाऱ्या माकडांनी खाल्ली, त्यावर कुठलाच क्रम चालत नाही.

त्या पावसाळ्यात पाणी उंबऱ्यापासून लांबच राहिलं, आणि खडीचा पट्टा बोळाच्या तोंडाशी बोटभर बसला. ऑक्टोबरात तो भाग पुन्हा धुमसला, उरलेली फरशी घातली, सगळ्यात शेवटी बोळ. फरशीच्या सांधी भरायच्या आधी बादल्या ओतून पाहिल्या. एका ठिकाणी पाणी रेंगाळलं, तिथल्या दोन फरशा ओल्या मालातच उचलून बसवल्या. झोपाळ्याचे खांब वेल्डरने आणले, बोल्टांवरचं प्लॅस्टिक काढलं, वॉशर बसवून नट आवळले. पितळी कड्या महाग पडल्या म्हणून लोखंडी, पितळी रंगाच्या. दिवे अजून व्हायचेत.

आता मागच्या वहिनींना त्यांच्या अंगणात फरशी घालायची आहे. त्यांनी माझी वही मागितली. पण त्यांचं अंगण आमच्या डोक्यावर आहे. त्यांची माती फरशीने बंद झाली की आज जे पाणी मुरून हळूहळू आमच्या भिंतीच्या भोकांतून येतं ते वरून वाहील, आणि त्यांच्या उताराप्रमाणे एकतर आमच्या भिंतीवरून उडी मारेल किंवा त्यांच्या पुढच्या रस्त्याला जाईल. ते रस्त्याकडे वळवायला त्यांच्याकडे किती इंच आहेत, हे आधी बघायला हवं. मिस्त्रींना शनिवारी लेव्हल पाइप घेऊन त्यांच्याकडे बोलावलंय.